त्या नावाचं इथे कोणी राहत नाही

गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात मी एका बाईवर भयंकर चिडले होते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याच्या आधीची तपासणी होती. सून गाडी लावायला जागा शोधत बाहेर फिरत होती. मी बाकावर बसून शेजारच्या बाईंना सोड्यांच्या खिचडीत कोकम का घालायचं आणि चिंच का नाही, हे समजावून सांगत होते. आतून नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मला राहवेना.

"काय बाई असेल बघा," मी शेजारणीला म्हटलं. "त्या पोरीचा घसा सुकला नाव घेऊन घेऊन, आणि ही बसल्ये कुठेतरी ढिम्म."

"ऐकू येत नसंल वो," ती म्हणाली. "वय झालं की व्हतंय तसं."

"मग घरच्यांनी सोबत थांबायला नको? असं सोडून जातात का म्हाताऱ्या माणसाला!"

तेवढ्यात सून धावतच आली. "आई, अहो तुमचंच नाव घेतायत ना केव्हापासून!"

सगळा हॉल हसला. शेजारीण तर पदर तोंडात कोंबून हसली. मीही हसले, आणि इतकी हसले की आत गेल्यावर डॉक्टरांना माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसून मग तपासावं लागलं.

हाच प्रकार तिशीच्या आत घडला असता तर मी महिनाभर त्या रस्त्यानं गेले नसते. लोक काय म्हणाले असतील याचा विचार करत उशी भिजवली असती. म्हातारपणाला लोक उगाच नावं ठेवतात. माझ्यावर मात्र त्याचे फार उपकार आहेत. लाज नावाचं जे ओझं मी डोक्यावर घेऊन फिरत होते, ते त्यानं न मागता उतरवून घेतलं. गुडघे घेतले, दात घेतले, ते हमाली म्हणून घेतले असतील.

पण त्या दिवशी घरी आल्यावर, रोह्यालगत वरसे गावात आमचा ब्लॉक आहे त्याच्या गॅलरीत बसले असताना, एक गोष्ट मनात आली. आपलं नाव आपल्याला ओळखू येऊ नये, इतके दिवस झाले का ते ऐकून? घरात मी आई आहे, आजी आहे. जिन्यात काकू, बाजारात मावशी. रोह्यात ते नाव नावासारखं घेणारा एकच माणूस होता, माझा नवरा, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली. तोही काही येताजाता नाव घ्यायचा नाही. चहा हवा असला की "अगं", काही सापडत नसलं की "ऐकलंस का", आणि स्वतःची चूक असली की नाव. तरी वर्षातून चाळीस-पन्नास वेळा माझं नाव व्हायचं.

मला दोन नावं आहेत. एक पेणचं, एक रोह्याचं. इथे दोन्ही सांगणार नाही. एक सांगितलं तर दुसरं रुसेल. पेणचं नाव आजीचं, तीन अक्षरी, दणकट, गल्लीच्या ह्या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाला पोचणारं. रोह्याचं नाव मला लग्नात मिळालं. मिळालं म्हणजे काय, मीच घेतलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. लोक समजतात नाव त्याच्या मनातलं. मी आधीच भावाच्या हाती चिठ्ठी धाडली होती: ह्या तीनपैकी कुठलंही चालेल, पण जुनं ठेवू नका. चिठ्ठीतलं पहिलं नाव मी वहीच्या मागच्या पानांवर सहीसकट सहा महिने गिरवलं होतं.

नवऱ्यानं तेच लिहिलं, पण दुसरी वेलांटी चुकवली. तांदळातली चूक ती, एका बोटानं पुसली गेली असती. पण मी लाजत होते! मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर, आणि नवऱ्याचं पहिलंच लेखन सुधारणं बरं दिसेल का, या विचारात मी असतानाच भटजींनी ताट उचललं. रेशनकार्डापासून आधारपर्यंत मी आजही त्याच चुकीच्या वेलांटीनं नांदते आहे.

त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी मनातल्या मनात 'शहाणी' म्हणते. 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. शहाणी रोह्यात कंपनीच्या वसाहतीत राहायला आली. शेजारी पुण्याकडच्या दोन बायका होत्या, साहेबांच्या. त्या "नाही" म्हणायच्या, तर शहाणी "नाऽहीऽ" म्हणायची, म्हणजे शेवटची वेलांटी पार दारापर्यंत जायची. पेणला जन्मभर 'नाय' आणि 'हाय' बोललेली ही पोरगी नवरा शिफ्टला गेला की आरशासमोर बसून "होय" म्हणायचा सराव करायची. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आज वाटतं सांगायला हवं होतं, बिचारा रात्रपाळीतही हसत राहिला असता.

आता माझ्या लहानपणच्या मैत्रिणीची गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

पेणला आमच्या घरामागे तिची आत्या राहायची. ती मूळ खारेपाटातली, वडील मिठागरावर कामाला. लहानपणीच आत्याकडे आली ती तिथेच वाढली. आमच्या गल्लीत पोह्याचे पापड घरोघर व्हायचे. उन्हाळ्यात आत्याच्या पडवीत आठ-दहा बायका लाटायला बसायच्या आणि आम्ही दोघी वाळत घालायला. खरं काम म्हणजे लाट्या चोरणं. पापडाच्या पिठाचे ते छोटे गोळे, तेलात बुडवून कच्चेच खायचे. ज्यानं खाल्ले नाहीत त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही. ती बायकांना बोलण्यात गुंतवायची आणि मी ओच्यात लाट्या भरायची. सापडलो तर मार दोघींना, पण शिव्या तिला, कारण ती परक्या घरची. तिनं कधी माझं नाव पुढे केलं नाही. माझं ते तीन अक्षरी नाव तिच्यासारखं कुणी घेत नसे. शेवटचं अक्षर ओढून त्याला 'गो' जोडायची, की हाक संपतच नाही असं वाटायचं.

लग्नानंतर तिसऱ्या संक्रांतीला वसाहतीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. तेव्हा ह्या बाजूला रेल्वे नव्हती. ती पेणहून एसटीनं आली, न कळवता, कारण कळवणार कशी? पत्ता विचारत विचारत आली आणि पेणच्या रीतीप्रमाणे बाहेरूनच तिनं हाक दिली. तेच नाव. "अगो, कुटं हायस गो? दार उघड, मी आले!"

आत पुण्याकडच्या त्या दोघी बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "कोणाला हाक मारतायत त्या?"

शहाणी उठली. दाराशी गेली. समोर ती उभी, घामानं निथळलेली, हातात कडी-झाकणाचा पितळी डबा, तोंडभर हसू. आणि शहाणी आपल्या त्या शुद्ध, लांब वेलांटीच्या मराठीत तिला म्हणाली, "त्या नावाचं इथे कोणी राहत नाही."

ती पाहत राहिली. हसू उतरायला वेळ लागला; ओठांना कळायच्या आधी डोळ्यांना कळलं होतं. मग तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "चुकलं बाय माजं. दार चुकलं." आणि गेली.

डब्यात पापड होते आणि मिरगुंडं. शहाणीनं ती तळून बायकांना दिली. सगळ्यांनी वाहवा केली. कुणी केले म्हणून विचारलं तर शहाणी म्हणाली, "आमच्याकडे पेणला एक बाई करते."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, वहिनीलाही नाही. अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

ती पुढे कुठे गेली हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पेणची माझी वहिनी फोनवर सगळं सांगायची. लग्न जित्याला झालं. नवरा गेला. लेक आणि जावई तिच्यापाशीच राहतात. हात चालतायत तोवर पापड करते. मी "हो का, बरं बरं" म्हणायची आणि विषय बदलायची. रोह्याहून जिते म्हणजे मध्ये पाच-सहा स्टेशनं. माझा पासष्टीतला गुडघा काशीला जाऊन आला होता, जित्याला तेवढा गेला नाही.

पण दवाखान्यातल्या त्या फजितीनंतर मी हिशेब मांडायला बसले की माझं पेणचं नाव आता कोणाच्या तोंडात आहे. आई-वडील गेले, भाऊ गेला. वहिनी मला वन्सं म्हणते. गल्लीतली माणसं विखुरली. उरली फक्त ती. म्हणजे जगात एकच माणूस होतं, जे मला त्या नावानं हाक मारू शकत होतं, आणि तिलाच मी सांगून ठेवलं होतं की त्या नावाचं कोणी नाही. माफी वगैरे मोठे शब्द मी मनात आणले नाहीत. मला ती हाक हवी होती. ती जाण्याआधी किंवा मी जाण्याआधी, एकदा.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा आरशात पाहिलं तर एक म्हातारी माझ्याकडे डोळे मिचकावून बघत होती. मी म्हटलं, अरे वा, सुरकुत्या तर किती बारीक कलाकुसरीच्या आल्यात, मला कुणी सांगितलंच नाही. ती शहाणीपेक्षा मला पुष्कळ बरी वाटली. निदान हिच्यावर विश्वास ठेवून तिला प्रवासाला धाडता आलं असतं.

डॉक्टरांनी सगळी बंधनं उठवल्यावर एका सकाळी मी निघाले. मुलगा म्हणाला, "कुठे, आई? रविवारी मी गाडीनं सोडतो ना."

"तुझ्या गाडीत बसलं की मी सामान होते," मी म्हटलं. "मला आज माणूस व्हायचंय."

"पण कुठे जातेस ते तरी सांग!"

"एका देवीला. जागृत आहे. नवस फेडायचा राहिलाय."

सुनेनं नातीचे जुने बूट माझ्या पायात चढवले, फोन गळ्यात अडकवला आणि आपल्या नवऱ्याला दटावलं, "जाऊ द्या ना त्यांना, हरवल्या तर लोकच आणून सोडतील." ह्या मुलीवर माझा जीव आहे. माझ्या सासूबाईंच्या काळात मला समोरच्या दुकानातून मीठ आणायलाही कारण द्यावं लागायचं. आता मी खरं कारण न देता अर्धा जिल्हा ओलांडू शकते. नऊवारीतल्या चार पिढ्या मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत असतील, आणि मला वाटतं त्यांना बूट आवडले असतील.

सकाळच्या मेमू गाडीत खिडकी मिळाली. नागोठणं गेलं, कासू गेलं. पेणला गाडी थांबली आणि इतका वेळ निजलेली शहाणी माझ्या आत जागी झाली. "उतर," ती म्हणाली. "वहिनीकडे जा. चहा पी, शिरा खा, संध्याकाळी घरी. कशाला उकरतेस? ती विसरलीसुद्धा असेल." माझा एक बूट दाराकडे वळलासुद्धा होता. मी त्याला परत आत घेतलं. गाडी सुटली तेव्हा शहाणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा.

जित्याला मी एकटीच उतरले. परतीची गाडी थेट संध्याकाळी, हे आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे आता पळून जायची सोय नव्हती. नळावर कळशी भरणाऱ्या एका बाईला "पापडवाल्या आजी" म्हटल्याबरोबर तिनं हातानंच घर दाखवलं. अंगणात जुन्या मच्छरदाणीखाली पापड वाळत होते. दारात पंचेचाळिशीची एक बाई आली. कपाळ बघूनच कळलं, लेक.

"कोण पायजे?"

आता काय सांगायचं? आजी म्हणू, की रोह्याची बाई म्हणू? मी माझं पेणचं नाव सांगितलं. माझ्याच तोंडून ते इतक्या वर्षांनी निघालं आणि जिभेला तिखट लागलं.

लेक गोंधळली. ती माझ्याकडे बघायचं सोडून मागच्या परसाकडे बघायला लागली. "तिला काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. मला काही कळेना. तोवर आतून आवाज आला, म्हातारा, खरखरीत, पण शेवटचं अक्षर ओढणारा.

"त्या नावाचं हितं कोणी येत नाय."

ती विसरली नव्हती. मला जोडा जिथे बसायला हवा होता तिथेच बसला, आणि खरं सांगते, बरं वाटलं. विसरली असती तर मी कुणाकडे गेले असते?

"बरं," मी म्हटलं. "मग बिननावाची समज. गाडी संध्याकाळची हाय. तोवर ओट्यावर बसते."

'हाय' माझ्या तोंडून आपोआप गेलं. आतून उत्तर आलं: "बस. ओटा माज्या बापाचा नाय, जावयाचा हाय."

"आये, कोण गो ही?" लेकीनं विचारलं.

"पाव्हणी हाय. पाणी दे. जेवाय घाल. मंग जाईल."

मला भात आणि जवळ्याची चटणी वाढली गेली, ओट्यावरच. चटणी इतकी चांगली होती की रुसून बसणं अवघड झालं. जेवून ताट आत ठेवायच्या निमित्तानं मी उंबरा ओलांडला. ती पडवीत पोळपाट घेऊन बसली होती. केस पांढरे, पुढचे दोन दात नाहीत, बोटं सांध्यांत वाकलेली. पिठाला हात लावून, पिंगट डोळे त्याच्या अगदी जवळ नेऊन बघत होती, आणि त्या डोळ्यांवर तोच दुधी पडदा, जो माझ्या डोळ्यांवरून नुकताच निघाला होता. मी समोर बसले. तिनं मान वर केली नाही. मी दुसरं लाटणं उचललं आणि एक लाटी घेऊन लाटायला लागले. काहीतरी करायला हवं होतं.

माझा एक पापड होत आला. मग मी म्हटलं, "तुझ्या पापडात मुंगी हाय."

"जिरं हाय ते."

"जिरं चालतंय."

ती थांबली. पापड नाकाशी नेला. बघितलं, न बघितलं. मग म्हणाली, "चालूंदे. कुटं जातंय बघू." आणि तिच्या खांद्यांना जरासं हसू आलं. ओठांपर्यंत नाही. पण मी तिला लहानपणापासून ओळखते, हिचं हसू खांद्यांतून सुरू होतं.

"आणि तू काय लाटलंयस ते?" तिनं माझा पोळपाट चाचपला. "ह्यो पापड हाय? ह्याला तर खाडीसारके फाटे फुटलेत. रोह्यात काय शिकवलं नाय वाटतं कुणी?"

"नाय शिकवलं. 'नाही' म्हणायला शिकवलं फक्त."

लेक कप घेऊन आली होती, ती दोघींकडे आळीपाळीनं बघत उभी राहिली. मी लाटणं खाली ठेवलं. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"मी त्या दिवशी..."

"कुठला दिवस?" ती पटकन म्हणाली. "मला नाय आठवत."

"संक्रांतीचा. हळदीकुंकू..."

"नाय आठवत म्हटलं ना."

तिनं आणखी एक पापड लाटला. कडा सारख्या केल्या. मग पोळपाटाकडे बघतच म्हणाली, "हिरवा पडदा व्हता तुज्या दाराला. पांडऱ्या फुलांचा."

मला तो पडदा आठवत नव्हता. ती सांगेपर्यंत मला पडदा होता हेसुद्धा आठवत नव्हतं.

"डबा आत्याचा व्हता," ती म्हणाली. "परत नेला नाय म्हणून कुटली तिनं मला. लगीन ठरलेली पोर, पण कुटली."

"डबा माझ्याकडे हाय अजून," मी म्हटलं, आणि मग लाजेनं मेले, कारण खरं पुढे सांगायचं होतं. "त्यात रवा ठेवते मी. तो तुझा, हेच विसरले होते. घरातलाच वाटायला लागला."

"रवा?"

"रवा."

"किडं नाय पडत?"

"नाय. झाकण घट्ट हाय."

"आत्याचा माल, घट्ट असणारच." मग पहिल्यांदा तिनं तोंड वर केलं. मला तिचे डोळे दिसत होते, तिला मी अंधूकच दिसत असणार. "का गो बोललीस तसं? माजी लाज वाटली?"

उत्तर मी अठ्ठेचाळीस वर्षं घासूनपुसून तयार ठेवलं होतं. गाडीत पाठही केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. "तुझी नाय," मी म्हटलं. "माझी. तू आत आली असतीस तर त्या बायांना कळलं असतं मी कोण ते."

"कोण व्हतीस?"

"लाट्या चोरणारी."

"तेवडंच ना? मग त्यात काय गो लपवायचं? मला वाटलं खून केलास का काय!" आणि आता हसू खांद्यांतून निघून सगळ्या अंगभर गेलं. दोन दातांच्या फटीतून तिचं ते हसणं शीळ घालत बाहेर आलं. मीही हसले आणि रडले. ह्या वयात दोन्हीला एकच पाणी लागतं, त्यामुळे सोय होते. लेक म्हणाली, "च्या गार झाला," आणि दोन्ही कप परत आत घेऊन गेली.

मग मला धीर आला. मी म्हटलं, "एकदा नावानं हाक मार ना मला. त्याच्यासाठीच आलेय."

"ते नाव काय आता मोकळं नाय."

"म्हणजे?"

"शेळीला दिलंय."

मला वाटलं थट्टा करते. पण आतून लेक ओरडली, "व्हय वो मावशी, म्हनून तर मी दारात घाबरले! मला वाटलं आमची शेळी कुणाच्या शेतात घुसली आन् तुम्ही तक्रार घेऊन आलात!"

मग तिनं सांगितलं. रोह्याहून आली, पुढच्या महिन्यात लग्न होऊन जित्याला आली. सासरी एक शेळी होती. हाक मारली की मान फिरवून दुसरीकडे बघायची, मुद्दाम. "म्हटलं, ही वळखीची हाय. ठेवलं तुजं नाव. रागानंच ठेवलं. दोन शिव्या हासडायच्या तर त्या नावानं हासडायच्या, बरं वाटायचं. पण दूध चांगलं द्यायची. पोरगी माजी तिच्यावरच वाढली. मग राग कुटवर टिकनार? ती मेली, तर दुसरीला तेच ठेवलं. तोंडाला सवय झाली ना गो. आता किती झाल्या, मोजल्या नायत."

वसाहतीतली घरं बदलली, वरशाचा ब्लॉक घेतला, लग्नं झाली, बारशी झाली, नवरा गेला, आणि ह्या सगळ्या काळात, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जित्याच्या ह्या परसात कुणीतरी माझं नाव मोठ्यानं घेत होतं. आधी शिवी म्हणून, मग सवय म्हणून, मग दुधाच्या मायेनं. मी टाकलेली वस्तू हिनं उचलून रोज वापरली होती. मला कुणी एवढं दिलेलं नाही. आणि मी हे ऐकायला उशिरा का होईना जिवंत पोचले, डोळ्यांनी बघायला पोचले, ह्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते मला कळेना, म्हणून मी तिच्या लेकीचे मानले. ती म्हणाली, "कशाचं वो? जवळ्याचं?"

दुपारभर आम्ही बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. बरंचसं ज्यांच्याविषयी होतं ती माणसं हयात आहेत. तिच्या डोळ्यांचा विषय काढला तर म्हणाली, "नको बाय, सुरी नको. जेवडं बघायचं तेवडं बघितलं." मी म्हटलं, "माझ्या सुरकुत्या नाही बघितल्यास अजून." "त्या काय बघायच्या," ती म्हणाली, "आवाजात कळतात." पण मग थोड्या वेळानं लेकीला विचारलं, दवाखान्यात सोबत कोणी बसू देतात का.

उन्हं कलली. पापड मच्छरदाणीसकट आत घेतले. लेक म्हणाली गाडीला अजून अवकाश आहे, मी ओट्यावर बसून नातीच्या बुटांची नाडी बांधायला लागले. ती भिंतीला हात लावत लावत परसात गेली. कुंपणापलीकडे शेळ्या चरत होत्या. तिनं तोंडाशी हात धरला आणि हाक दिली. माझी तीन अक्षरं, शेवटचं पार स्टेशनापर्यंत ओढलेलं, आणि मागे 'गो'.

शेळी निघाली. नाडी तशीच सोडून मीही निघाले. आम्ही दोघी जवळजवळ एकदमच तिच्यापाशी पोचलो.

तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, मग तोच हात पुढे करून मला चाचपलं आणि म्हणाली, "तू कशाला उठलीस गो? बस की. गाडीला येळ हाय."